सारथ्याची झोप

मध्यमवर्गीय घरातला मुलगा वैमानिक झाला की त्या घरी पेढे वाटले जातात, ज्ञातीच्या मासिकात त्याचे गणवेषातील छायाचित्र छापून येते आणि ओळखीपाळखीचे लोक आपली मुले घेऊन मार्गदर्शनासाठी येऊ लागतात. त्याच घरातल्या मुलाने मालमोटार चालवण्याचे मनात आणले, तर घरात सुतक आल्यासारखी शांतता पसरेल. वास्तविक दोघांच्या कामाचे मूळ सूत्र एकच आहे. प्रचंड वजनाचे, प्रचंड गतीचे यंत्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप न्यायचे आणि वाटेत कोणाच्याही जिवाला धक्का लागू द्यायचा नाही. तरीही एकाला आपण 'कॅप्टन' म्हणतो आणि दुसऱ्याला 'ए ड्रायव्हर' अशी हाक मारतो.

ही तुलना कोणाला विनोदी वाटेल. एकाच्या पाठीशी दीडशे-दोनशे प्रवाशांचे प्राण असतात, दुसऱ्याच्या पाठीशी सिमेंटची पोती किंवा कांद्याच्या गोणी. परंतु आकडे वेगळेच सांगतात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून २६० माणसे मृत्युमुखी पडली. अवघा देश सुन्न झाला, आणि ते स्वाभाविकच होते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. अहमदाबादेत एकदा घडले त्याहून मोठा संहार आपल्या रस्त्यांवर दररोज घडतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात तो आतल्या पानावरच्या चार ओळींत संपतो. हे सारे अपघात मालमोटारींमुळे होतात असे मुळीच नाही. परंतु महामार्गावरील भीषण अपघातांत अवजड वाहनाचा कोठे ना कोठे संबंध असतो, हे प्रत्येक प्रवासी जाणतो.

कोणाचे काम अवघड?

वैमानिकाचे शिक्षण कठीण आहे, यात शंका नाही. व्यावसायिक परवान्यासाठी त्याला किमान २०० तास उड्डाण करावे लागते. नंतर ज्या जातीचे विमान चालवायचे, तिचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. नोकरीत रुजू झाल्यावरही दर सहा महिन्यांनी त्याला कृत्रिम विमानकक्षात बसवून परीक्षा घेतात. इंजिन बंद पडले, आग लागली, चाक उघडले नाही, तर तो काय करील हे तपासतात. धावपट्टीवर विमान दौडू लागले की एका ठरावीक वेगापर्यंत त्याला थांबता येते. तो वेग ओलांडला की थांबणे अशक्य. मग इंजिनात बिघाड झाला तरी उड्डाण करावेच लागते. हा निर्णय क्षणार्धात घ्यायचा असतो. आकाशात रस्त्याच्या कडेला गाडी लावण्याची सोय नसते.

परंतु हेही लक्षात घेतले पाहिजे, की त्या वैमानिकासाठी सारा मार्ग आधीच मोकळा करून ठेवलेला असतो. त्याच्या पुढे, मागे, वर, खाली किती अंतरावर दुसरे विमान असावे हे जमिनीवरचा नियंत्रक पाहतो. हवामानाचा अंदाज उड्डाणापूर्वीच त्याच्या हाती पडतो. धावपट्टीवर कुत्रे आले तरी चौकशी होते. विमान ठरलेल्या उंचीवर पोचल्यानंतर बराच वेळ स्वयंचलित यंत्रणा ते चालवते आणि वैमानिकाचे काम मुख्यतः डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचे उरते. शेजारी तितकाच शिकलेला दुसरा वैमानिक असतो.

आता न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन बंगळूरुकडे निघालेल्या मालमोटारीकडे पाहावे. तिच्या चालकासाठी काहीही मोकळे केलेले नसते. उलट दिशेने येणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून अचानक पुढे आलेले कुटुंब, गळिताच्या हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली, मध्येच बसलेली गुरे, या साऱ्यांचा अंदाज त्याने एकट्याने बांधायचा. त्याच्या हातातले चाक क्षणभरही स्वतःहून चालत नाही. तीन आसांच्या मालमोटारीचे कमाल वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टनांवर नेण्यात आले. एवढे वजन घेऊन खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरणे म्हणजे काय, हे मागच्या मोटारीतून चिडून हॉर्न वाजवणाऱ्याला कळणे कठीण आहे. टँकर असेल तर आतला द्रव प्रत्येक वळणावर डुचमळून गाडीला एका बाजूला ओढतो. शिवाय माल भरताना हजर राहणे, दोर आवळणे, रात्री डिझेल आणि माल चोरीला जाऊ नये म्हणून एका डोळ्याने जागे राहणे, टायर बदलणे, कागदपत्रे सांभाळणे आणि नाक्यानाक्यावर हुज्जत घालणे ही कामेही त्याचीच. पूर्वी सोबतीला क्लीनर असे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत अशी अटही एके काळी होती. ती क्वचितच पाळली गेली. आज लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्यांवर एकच माणूस दिसतो.

तेव्हा कोणाचे काम अधिक अवघड, हा वाद निष्फळ आहे. वैमानिकाला ज्ञान अधिक लागते, हे निर्विवाद. अवधान, सहनशक्ती आणि प्रसंगावधान दोघांनाही सारखेच लागते. खरा भेद समाज आणि शासन या दोघांच्या पाठीशी काय उभे करते, यात आहे.

माणूस थकतो, हे मान्य करणारी व्यवस्था

विमानप्रवास सुरक्षित झाला तो वैमानिक अतिमानव असतात म्हणून नव्हे. वैमानिकही माणूस आहे, तो थकणार, विसरणार, चुकणार, हे गृहीत धरून विमान वाहतुकीची सारी रचना उभारली गेली आहे. म्हणून अनुभवी वैमानिकालाही प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासणीची तीच ती यादी मोठ्याने वाचावी लागते. म्हणून भारतातून निघणाऱ्या विमानाच्या वैमानिकाची श्वासचाचणी होते आणि उड्डाणापूर्वी १२ तास मद्याला स्पर्श करण्यास त्याला मनाई असते. म्हणून ठरावीक मुदतीने त्याची कसून वैद्यकीय तपासणी होते. आणि म्हणूनच त्याच्या झोपेचा हिशेब नियमात लिहून ठेवलेला असतो. वर्षाला १,००० तासांहून अधिक उड्डाण त्याला करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम प्रसृत केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या वेळी करावयाच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आली, आणि वैमानिकांच्या थकव्याचा अहवाल दर तीन महिन्यांनी सादर करणे कंपन्यांना बंधनकारक झाले.

हे नियम सुखासुखी अमलात आले नाहीत. वैमानिकांच्या संघटनांना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. १ नोव्हेंबर २०२५ पासून दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबरला एका दिवसात एक हजारावर उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर हाहाकार माजला. सरकारला काही तरतुदींना तात्पुरती सवलतही द्यावी लागली. परंतु त्या गोंधळाने एक गोष्ट साधली. वैमानिकाने किती झोपावे, हा प्रश्न देशाच्या घराघरांत चर्चिला गेला.

मालमोटारीच्या चालकाने किती झोपावे, हा प्रश्न कोणत्या घरात चर्चिला जातो?

आश्चर्य असे, की त्याच्यासाठीही कायदा आहे, आणि तो जुना आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी तीत थोडी सूट दिली. सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्यातून एक सुट्टीही सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने चालकांना हीच मर्यादा लागू केली. पुढे १९६१ चा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावून घेण्यात आला. शब्द उत्तम होते. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता आणि या देशातील मालवाहतुकीचा फार मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. जेथे तो लागू होता, तेथेही तास मोजणार कोण? सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये आठ तासांच्या या मर्यादेच्या अंमलबजावणीसाठी सूचना द्याव्या लागल्या, यातच सारे आले.

चालकाचे उत्पन्न बहुधा फेरीवर अवलंबून असते. थांबला की तोटा. माल भरण्यासाठी कारखान्याच्या फाटकाबाहेर तो दिवसभर ताटकळतो, तो वेळ कोणी मोजत नाही. आणि गाडी भरली की तोच गेलेला वेळ रात्री जागून भरून काढायला त्याला सांगितले जाते. वस्तू व सेवा कराच्या ई-वे बिलात दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मालाची मुदत लिहिलेली असते. फास्टॅगमुळे गाडी कोणत्या नाक्यावर किती वाजता पोचली हे शासनाच्या यंत्रणेला ठाऊक असते. माल कोठे आहे, हे आपल्याला क्षणाक्षणाला कळते. तो नेणारा माणूस किती तास जागा आहे, हे मात्र कोणालाच कळत नाही, कारण ते कोणी विचारलेलेच नाही.

दोन चौकश्या

व्यवस्थेतील हा भेद अपघातानंतर अधिक स्पष्ट होतो. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले विमान मंगळूरुच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे घसरत जाऊन दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले. पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने कारणे शोधली. विमानकक्षातील ध्वनिमुद्रणात मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज आढळला. प्रवासातील दीड तासाहून अधिक काळ तो झोपेत होता आणि जागा झाल्यावरही त्याच्या निर्णयशक्तीवर झोपेची धुंदी होती. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर विमान ५,२०० फूट ओलांडून टेकले. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर न्यावे असे वारंवार सुचवले होते. ते ऐकले गेले नाही.

'वैमानिक झोपला' एवढे लिहून ती फाइल बंद करता आली असती. तसे झाले नाही. पहाटेच्या ज्या प्रहरी शरीर सर्वाधिक सुस्तावते त्या प्रहरातील काम, वरिष्ठाला रोखण्यास कचरणारा कनिष्ठ, धावपट्टीच्या टोकापलीकडील बांधकामाने वाढवलेली हानी, अशा साऱ्या दुव्यांचा विचार झाला. माणूस चुकला हे नमूद करून, तो का चुकला आणि पुढचा का चुकणार नाही, हे विचारले गेले. २०१२ मध्ये तर विमान अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र विभागच स्थापन झाला.

याउलट पुण्याच्या नवले पुलाचा परिसर घ्यावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनाने ४८ वाहनांना धडक दिली. त्या उतारावर अपघात त्यापूर्वीही झाले होते, त्यानंतरही झाले. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिनच बंद करण्याची खोड चालकांत आहे. ती जीवघेणी आहे. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन बंद झाले की हवा भरणारा पंप थांबतो आणि वारंवार ब्रेक दाबताच साठलेला दाब संपत जातो. इंजिनाचा रोधही गेलेला असतो आणि चाकही जड होते. अशा चालकाला शिक्षा झालीच पाहिजे. पण त्याला हे कोणी शिकवले होते का? इंधनाचा हिशेब त्याच्या गळ्याला कोणी बांधला होता? उताराची रचना, सूचनाफलक, बेफाम वाहन वळवून थांबवण्यासाठी वाळूची वाट, यांचे काय? पोलिसांच्या कागदात मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य उमटते, 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून'. या वाक्याने गुन्हा नोंदला जातो. कारण मात्र सापडत नाही.

भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण ते उपकलम तूर्त बाजूला ठेवण्यात आले. जखमीला रस्त्यावर टाकून पळणे हा अधमपणाच आहे. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही, ही चालकाची भीतीही खोटी नाही. दंड कठोर असावा, पण दंडाच्या आधी शिक्षण, विश्रांती आणि संरक्षण यांची जबाबदारी समाजाने उचललेली असावी. वैमानिकाच्या बाबतीत आपण नेमके हेच केले आहे.

काय करता येईल?

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल. युरोपीय संघातील देशांत २००६ पासून नव्या मालमोटारींवर चालकाचे तास टिपणारे अंकीय यंत्र बसवले जाते. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला सर्वसाधारणपणे ९ तासांची मर्यादा तेथे आहे. आपल्याकडेही पावले पडू लागली आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मालमोटारींत चालकाच्या बैठकीसाठी वातानुकूलन सक्तीचे झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रामस्थाने उभारण्याची घोषणा केली. ही दिशा योग्य आहे. तिला तासांच्या नोंदीची जोड मिळाली पाहिजे. फास्टॅगची माहिती कर गोळा करण्यास उपयोगी पडते; थकलेल्या चालकाला थांबवण्यासही ती पडू शकेल. आणि अशक्य वेळेत माल पोचवण्याचा आग्रह धरणारा, मग तो वाहतूकदार असो वा कारखानदार, अपघाताच्या चौकशीबाहेर राहता कामा नये.

शासनाची वाट न पाहता करण्यासारखेही पुष्कळ आहे. महामार्गालगतच्या गावांतील कार्यकर्त्यांनी ढाब्यांवर नेत्रतपासणीची शिबिरे घेतली, रक्तदाब आणि मधुमेह तपासला, तर कितीतरी अपघात होण्याआधीच टळतील. औद्योगिक वसाहतीतील उद्योजकाने आपल्या फाटकाशी थांबलेल्या चालकासाठी पाणी, शौचालय आणि चार खाटांची खोली बांधली, तर त्याचा ताळेबंद बुडणार नाही. सोसायटीत सामान घेऊन आलेल्या चालकाला 'अहो, पाणी घेता का?' असे विचारण्यास तर खर्चही येत नाही. आपल्या घरातला तांदूळ, औषधे, मुलांची पुस्तके, सणाला आणलेला शीतकपाट, यांतले काहीही त्याच्या रात्रीच्या जागरणावाचून आपल्या दारी आलेले नाही.

चालकांच्या परवान्यांच्या संगणकप्रणालीला शासनाने 'सारथी' हे नाव दिले आहे. नाव मोठे आहे. कर्णाचे सारथ्य करावे अशी विनंती झाली तेव्हा शल्याला तो अपमान वाटला होता; अर्जुनाचे सारथ्य श्रीकृष्णाने त्याच्या विनंतीवरून पत्करले. त्याच महाभारतातील द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करण्याची प्रतिज्ञा अर्जुनाने केलेली. प्रत्येक घटका मोलाची. चुकले तर अर्जुनाला अग्निप्रवेश करावा लागणार. अशा वेळी घोडे थकले आहेत हे ओळखून भर रणात रथ थांबवण्यात येतो. श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना पाणी पाजतो आणि मगच रथ पुढे हाकतो. प्रतिज्ञा वेळेत पुरी होते.

घोड्यांच्या थकव्याची ज्या कथेने एवढी काळजी घेतली, ती कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या समाजाने सारथ्याच्या थकव्याकडे पाठ फिरवावी, हे शोभणारे नाही. आकाशातल्या सारथ्याने झोप घेतल्याशिवाय विमान उडू नये, असा आग्रह आपण धरतो. रस्त्यावरच्या सारथ्यासाठीही तोच आग्रह धरण्याची वेळ आलेली आहे. दिवसाला ४६२ या दराने ती वेळ आपण रोज चुकवत आहोत.